नवे चामडे, जुने चामडे

चामड्याचा पट्टा बहुधा दोनच जागी दगा देतो. बक्कल ज्या घडीत अडकवलेले असते ती घडी सतत वाकून झिजते, आणि रोजच्या वापरातले भोक ताणून लांबट होते व अखेर फाटते. बड्या ब्रँडच्या पट्ट्यांना आणखी दोन दुखणी असतात. दोन पदर चिकटवून शिवलेल्या पट्ट्याच्या कडेवरचा रंग तडकतो, आणि बक्कलावरचा सोनेरी मुलामा उडतो. असा पट्टा ज्याने बनवला त्याच्याकडे परत न्यावा की कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे द्यावा, असा पेच आजच्या ग्राहकापुढे असतो. युरोपातील चामड्याच्या धंद्यात हा पेच तसा अलीकडचा आहे. तिथे कित्येक शतके नवे चामडे एका हाताने शिवायचे आणि जुने दुसऱ्याने, हाच रिवाज होता आणि काही शहरांत तो कायद्याने बांधलेला होता.

१२६८च्या सुमारास पॅरिसचा प्रशासक एतिएन ब्वालो याने शहरातील सुमारे शंभर धंद्यांचे नियम लिहून घेतले. त्यात पट्टे बनवणाऱ्यांचा धंदा स्वतंत्र आहे आणि बकले घडवणाऱ्यांचा वेगळा. बकलांमध्येही लोखंडाचे कारागीर निराळे आणि पितळ-तांब्याचे निराळे. एक पट्टा तयार व्हायला इतके हात लागत, याचे कारण पट्ट्याचे त्या काळातील स्थान. कपड्यांना खिसे नव्हते. पैशांची थैली, सुरी, किल्ल्या हे सारे कमरेला लटकत असे, आणि पट्ट्यावर ठोकलेल्या धातूच्या फुल्यांवरून माणसाची ऐपत कळे. त्यामुळे फसवणुकीची जागाही चामड्यापेक्षा धातूतच अधिक होती. लंडनच्या पट्टेकारांना तिसऱ्या एडवर्डने १३२७मध्ये सनद दिली, तिचा रोख याच गोष्टीवर आहे. शिसे, कथील यांसारख्या हलक्या धातूंनी पट्टे मढवायला तिने मनाई केली. १४४९मध्ये या पट्टेकारांच्या संघाला रीतसर राजमान्यता मिळाली आणि १५६८मध्ये टाचण्या व तारकाम करणाऱ्यांचे संघ त्यात विलीन झाले. धंदा केव्हाच संपला, संघ मात्र टिकून आहे. राज्याभिषेकासाठी तलवारीचा पट्टा अर्पण करण्याचा मान त्याच्याकडे आहे. २०२३मध्ये तिसऱ्या चार्ल्सने १९३७ साली सहाव्या जॉर्जसाठी बनवलेलाच पट्टा वापरला. राजघराण्यातही जुना पट्टा चालतो, एवढे त्यावरून दिसते.

बनवणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यातील सीमारेषा सर्वांत स्पष्ट दिसते ती जोड्यांच्या धंद्यात. लंडनमध्ये नवे जोडे करणारे आणि जुने सांधणारे यांच्यात चौदाव्या शतकाच्या अखेरीस तंटा उभा राहिला. दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, १३९५मध्ये, महापौर जॉन फ्रेश याच्यासमोर तो आला. ठरले ते असे की, जो जुन्या जोड्यांचे काम करतो त्याने नवे जोडे विकू नयेत. पण एवढ्याने भांडण मिटले नाही. जुन्या जोड्याला नवा तळ लावला तर तो जोडा नवा की जुना, हा वाद उरलाच, आणि १४०९मध्ये दुरुस्तीत नवे चामडे कुठवर वापरायचे याचे बारकावे पुन्हा ठरवावे लागले. या नियमांमागे ग्राहकाचे हित सांगितले जाई. कुजलेले जुने चामडे रंगवून नवे म्हणून खपवले जाण्याची भीती खरीही होती. मात्र निकालाचा मोठा लाभ झाला तो नवे जोडे बनवणाऱ्या धनिक संघाला. दुरुस्ती हे गरिबांनी गरिबांसाठी करायचे काम ठरले आणि तशीच त्याची प्रतिष्ठाही बेताची राहिली. फ्रान्समध्ये १७९१च्या कायद्यांनी व्यवसायसंघ मोडीत निघाले, तरी दुकानांच्या पाट्या बदलल्या नाहीत. नवे विकणारा एका रस्त्यावर, सांधणारा दुसऱ्या गल्लीत, हे चित्र एकोणिसाव्या शतकातही कायम होते.

याला अपवाद होता खोगीर आणि घोड्याचा साज बनवणाऱ्यांचा. बग्गीचा पट्टा भर रस्त्यात तुटला तर जीव जाऊ शकतो. म्हणून साज विकणाऱ्याच्या धंद्यात तो तपासणे, टाके नव्याने घालणे, बक्कल बदलणे हे मुळातच गृहीत होते. आजच्या उंची ब्रँडांची दुरुस्तीची परंपरा या खोगीरवाल्यांकडून आलेली आहे. मोचीकामाशी तिचा संबंध फार थोडा. तिएरी हर्मेस याने १८३७मध्ये पॅरिसला सुरू केलेली कार्यशाळा घोड्यांच्या साजाची होती. तिथे वापरला जाणारा खोगीरटाका दोन सुयांनी घातला जातो. मेण लावलेला एकच लिननचा दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार. शिवणयंत्राच्या टाक्यात दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला की ओळच्या ओळ उसवत जाते. खोगीरटाक्यातला दोरा एका जागी तुटला तरी शेजारचे टाके जागच्या जागी राहतात. असे काम दुरुस्त करणेही सोपे असते, कारण जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवता येतो आणि चामड्याला नवी इजा होत नाही. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि या घराण्याने पिशव्या व पट्ट्यांकडे मोर्चा वळवला. साज दुरुस्त करण्याची सवय मात्र सुटली नाही. आज या एका कंपनीच्या कार्यशाळांतून वर्षाला लाखावर वस्तू दुरुस्त होऊन जातात.

पुरुषांच्या पँटला पट्टा लागू लागला तो मात्र बराच उशिरा. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पँट खांद्यावरून जाणाऱ्या गॅलिसवर टांगलेली असे. पट्टा हा सैनिकांचा आणि मजुरांचा. सैन्यातल्या पट्ट्याला भारदस्त रूप देण्यात हिंदुस्थानात नोकरी केलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याचा वाटा आहे. १८५८मध्ये रोहिलखंडातील लढाईत त्याचा डावा हात गेला आणि म्यान सावरणे अशक्य झाले. त्यावर उपाय म्हणून रुंद कमरपट्टा आणि उजव्या खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा अशी रचना त्याने वापरात आणली. पुढे ती ब्रिटिश सैन्यात आणि त्यांच्यामागून जगभरच्या सैन्यांत, पोलिसांत गेली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या पिढीला कमरेच्या पट्ट्याची सवय झालेली होती, आणि त्याच सुमारास पँटची कंबर खाली आली. लीवाइज कंपनीने आपल्या जीनवर पट्ट्याच्या लुपी लावल्या १९२२मध्ये. गॅलिसची बटणे आणखी काही वर्षे तशीच ठेवली होती, म्हणजे बदलाची तिलाही फारशी खात्री नसावी.

गुच्चीचा जन्म या काळातला. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात नोकरी करताना श्रीमंतांचे सामान जवळून पाहिलेल्या गुच्चो गुच्ची याने १९२१मध्ये फ्लॉरेन्सला दुकान थाटले. तिथे चामड्याचे कसब जुनेच होते. मध्ययुगीन फ्लॉरेन्सच्या एकवीस व्यवसायसंघांत पट्टेकारांचाही एक संघ होता, आणि सांता क्रोचे सुल्लार्नो परिसरात झाडांच्या सालीच्या अर्काने चामडे कमावण्याचा उद्योग आजही चालतो. असे चामडे जाड, घट्ट आणि कडेला घासून गुळगुळीत करता येणारे असल्याने पट्ट्याला उत्तम. घोड्याच्या लगामाची कडी १९५३पासून गुच्चीच्या जोड्यांवर झळकू लागली. खोगीरवाल्यांच्या प्रतिष्ठेवर फ्लॉरेन्सनेही अशा रीतीने हक्क सांगितला.

शतकाच्या मध्यानंतरची काही दशके दुरुस्तीच्या दृष्टीने वाईट गेली. ख्रिश्चन डिऑरने चाळिशीच्या दशकाच्या शेवटी नाव वापरू देण्याचे परवाने विकायला सुरुवात केली. पिएर कार्दँने तर त्या वाटेवर कमालच केली. त्याचे परवाने आठशेच्या वर गेले. पट्टा ही परवान्यावर काढायला सर्वांत सोयीची वस्तू होती, कारण ती स्वस्तात बनते आणि नाव ठळकपणे पोटावर मिरवते. पट्टा कोण्या दूरच्या कारखान्यात तयार होई, पॅरिसच्या दुकानाने तो पाहिलेलाही नसे, आणि तुटला तर दाद मागायला जागाच नव्हती. गुच्चीही त्यातून सुटली नाही. ऐंशीच्या दशकात तिच्या नावाच्या हजारो वस्तू बाजारात होत्या. नव्वदच्या दशकात तिचा डिझायनर टॉम फोर्ड आणि प्रमुख दोमेनिको दे सोले यांनी परवाने परत घेऊन उत्पादन मुठीत आणले. त्यानंतरच ब्रँडने स्वतः दुरुस्ती करण्याला अर्थ आला, कारण कोणते चामडे, कोणता साचा, कोणता मुलामा हे पुन्हा घरच्या नोंदीत आले. दुरुस्ती हा पुढे जाहिरातीचाही भाग झाला. बोत्तेगा व्हेनेता कंपनीने २०२२मध्ये पिशव्यांसाठी आजीवन देखभालीचे प्रमाणपत्र सुरू केले. हे सगळे केवळ ग्राहकप्रेमातून घडले असे मानण्याचे कारण नाही. दुरुस्तीला आलेली वस्तू खरी की नकली हे कंपनीला तपासता येते आणि नकली निघाली तर ती हात लावत नाही.

दरम्यान जुन्या चामड्याचे हात कमी होत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिंगर कंपनीचे ठिगळयंत्र आले. त्याचा दाबपाय कोणत्याही दिशेला फिरतो, त्यामुळे पट्टा, जोडा, पिशवी काहीही न फिरवता हव्या त्या दिशेने शिवता येते. छोट्या दुकानांना या यंत्राने मोठा आधार दिला. १९५७मध्ये ब्रसेल्सच्या एका मोठ्या दुकानात उभ्या उभ्या टाच बदलून देणारे केंद्र निघाले आणि त्यातून मिस्टर मिनिट ही साखळी वाढली. ब्रिटनमध्ये १८६५ साली मँचेस्टरला जोड्यांचे दुकान म्हणून सुरू झालेली टिम्पसन पेढी दुरुस्ती आणि किल्ल्यांवर जगू लागली. अमेरिकेत महामंदीच्या काळी जोडे सांधणारी लाखावर दुकाने होती, आता काही हजार उरली आहेत.

महाराष्ट्रात बनवणे आणि सांधणे यांच्यात अशी फाळणी कधी झाली नाही. बलुतेदारीत चर्मकार वाहाणा करी, मोट शिवी, आसूड बांधी, आणि त्या फाटल्या की त्याच हाताने दुरुस्त करी. मोबदला दर कामाचा नव्हता, खळ्यावर वर्षाचे धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचे तपशील आहेत. युरोपातील उमेदवाराला संघात शिरता येई किंवा तो धंदा सोडता येई. इथे काम जातीला जखडलेले होते आणि त्यावर अस्पृश्यतेचा शिक्का होता, हा फरक विसरता येत नाही. धारावीतल्या कार्यशाळांत आजही तीच सरमिसळ आढळते. चेन्नई-कानपूरकडून आलेल्या चामड्यातून तिथे पट्टे शिवले जातात, आणि परदेशी ब्रँडचा पट्टा आखूड करून द्यायचे कामही त्याच गल्ल्यांत होते.

पट्टा दुरुस्त होऊ शकतो की नाही हे मात्र कारागिराच्या आधी चामडे ठरवते. अखंड चामड्याच्या पट्ट्याची घडी फाटली, तर चर्मकार शिवण उसवतो, फाटका भाग रापीने तासून पातळ करतो, आतून नवी पट्टी सोल्यूशनने चिकटवतो आणि जुन्या भोकांतून टाके घालतो. चामड्याचा भुसा चिकटवून केलेला किंवा वरून प्लास्टिकचा थर दिलेला पट्टा तासता येत नाही, तो तुकड्यांनी सुटतो, मग वरचे नाव कितीही मोठे असो. ब्रँडची पद्धत वेगळी. सुट्या बक्कलाचा पट्टा असेल तर कंपनी बहुधा चामडे सांधत न बसता नवी पट्टी देते आणि बक्कल तेच ठेवते. बक्कलावर पुन्हा मुलामा चढवणे आणि त्याच छटेचे चामडे मिळवणे तिलाच जमते, फक्त ते चामडे बंद झालेले नसावे लागते. बाहेरच्या हाताने बदल केलेला पट्टा मात्र बऱ्याच कंपन्या परत घेत नाहीत. म्हणून भोक पाडणे, लांबी कमी करणे, उसवलेले टाके घालणे अशी कामे चर्मकाराकडे जातात. लांबी कमी करायची तर जाणकार चर्मकार बक्कलाच्या बाजूने कापतो, कारण टोकाचा आकार आणि भोकांमधले अंतर मग तसेच राहते. फ्रान्सने २०२३च्या अखेरीस कपडे आणि जोड्यांच्या दुरुस्तीवर ६ ते २५ युरोंची सवलत सुरू केली. पट्ट्यांना ती लागू नाही.