उंबरठा उलाढालीचा

दारूबंदीने आटणारा महसूल भरून काढण्यासाठी राजाजींच्या मद्रास सरकारने १९३९ मध्ये विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. छोटा दुकानदार भरडला जाऊ नये म्हणून कायद्याने नोंदणीला उंबरठा ठेवला. महाराष्ट्रात २००५ च्या व्हॅटमध्ये तो सर्वसाधारणपणे वर्षाला ५ लाखांच्या उलाढालीचा होता. २०१७ मध्ये जीएसटीने तो २० लाखांवर नेला. एप्रिल २०१९ पासून राज्यातल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्या बहुतेकांसाठी तो ४० लाख आहे. शब्द तोलणे हा माझा छंद. इथे तोलायचा शब्द एकच: उलाढाल. उलाढाल म्हणजे नफा नव्हे. वर्षाअखेरी हाती काही उरले नाही, तरी गल्ल्याने उंबरठा ओलांडलेला असू शकतो. म्हणून दुकानदाराने रोजची विक्री रोज वहीत मांडावी.