'इम्पेरिअम' : आज्ञेपासून साम्राज्यापर्यंत

प्रस्तावना :
'इम्पेरिअम' या लॅटिन शब्दाचा 'साम्राज्य' हा अर्थ आपल्याला सहज सुचतो. मात्र प्रजासत्ताक रोमच्या संदर्भात तो दिशाभूल करणारा आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थान्तराचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

व्युत्पत्ती व व्याकरण :
'इम्पेरिअम' हे नपुंसकलिंगी नाम असून त्याचे षष्ठी एकवचन 'इम्पेरिई' असे होते. 'इन' हा उपसर्ग व 'पारारे' (सज्ज करणे) यांपासून 'इम्पेरारे' (आज्ञा करणे) हे क्रियापद बनले आणि त्यापासून हे नाम सिद्ध झाले. 'इम्पेरारे'च्या योगे, ज्याला आज्ञा करावयाची त्याची चतुर्थी होते. म्हणजेच शब्दाच्या मुळाशी भूमी नसून आज्ञा आहे. मराठीतील 'हुकूम' व 'हुकूमत' यांचे नाते येथे आठवावे.

मर्यादित अधिकार :
प्रजासत्ताकात 'इम्पेरिअम' म्हणजे कॉन्सल, प्रेटर व डिक्टेटर यांचा सर्वोच्च आज्ञाधिकार होय. कॉन्सलपुढे काठ्यांच्या मोळ्या घेतलेले १२ सेवक चालत. 'पोमेरिअम' या नगराच्या पवित्र सीमेच्या आत येताना मोळीतील कुऱ्हाडी काढून ठेवल्या जात, कारण तेथे नागरिकास जनतेकडे दाद मागण्याचा हक्क होता. कॉन्सलपदाची मुदत एक वर्षाची होती. शिवाय एक कॉन्सल दुसऱ्यास अडवू शकत असे.

अर्थान्तर :
इ.स.पू. २४१ नंतर रोमची सत्ता सिसिलीवर व पुढे समुद्रापार पसरत गेली. तेव्हा हा शब्द 'रोमन जनतेची सत्ता' या अर्थाने आणि अखेर त्या सत्तेखालील प्रदेशासाठी रूढ झाला. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसला प्रांताधिकाऱ्यांहून श्रेष्ठ असे 'इम्पेरिअम' मिळाले व पुढे त्याची मुदत वेळोवेळी वाढविली गेली. 'इम्पेरातोर' ही विजयी सेनापतीस सैनिकांनी द्यावयाची पदवी त्याने नावातच धारण केली होती. याच शब्दकुळातील 'इम्पेरात्रिक्स' (सम्राज्ञी) या पदवीचे संक्षिप्त रूप १८९३ पासून व्हिक्टोरिया राणीच्या ब्रिटिश नाण्यांवर 'इंड. इम्प.' असे हिंदुस्थानच्या नावासह झळकले. ब्रिटिश राजाने ही हिंदुस्थानविषयक पदवी १९४८ मध्ये सोडली.

निष्कर्ष :
प्रजासत्ताक काळासाठी 'आज्ञाधिकार' व नंतरच्या काळासाठी संदर्भानुसार 'सत्ता' किंवा 'साम्राज्य' असे प्रतिशब्द योजणे इष्ट ठरेल. सरसकट 'साम्राज्य' म्हटल्यास दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली, रोमचे बरेचसे प्रदेश सम्राटांनी नव्हे, तर प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्यांनी जिंकले. दुसरी, ऑगस्टसला एकाधिकारासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. जुन्याच शब्दाभोवतीची मुदत, सीमा व सहाधिकारी ही बंधने सैल झाली.