चहाडखोराचे तोंड, मनूचा न्याय आणि बुद्धाची दातकाडी

कुष्ठरोग म्हटले की आपल्याला रुग्णाची अधू बोटे आठवतात. त्या बोटांनी तो माणूस सकाळी दात कसे घासत असेल, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. आमच्या मते हा प्रश्न क्षुल्लक नाही. तोंड स्वच्छ ठेवायला हात लागतो, पाणी लागते आणि समाजाने माणूस म्हणून जवळ करावे लागते. कुष्ठरुग्णाचा हात जंतूने अधू केला, पाणी अडवण्याची सोय कायद्याने केली आणि माणूसपण तर धर्मग्रंथाने आधीच नाकारले होते.

मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडून पाहा. तेथे रोगांची एक यादी आहे आणि प्रत्येक रोगाला या किंवा मागच्या जन्मीचे एक पाप चिकटवले आहे. सुरा पिणाऱ्याचे दात काळे होतात, चहाडखोराच्या तोंडाला दुर्गंधी येते, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याला त्वचारोग होतो आणि वस्त्रचोराला पांढरे कोड फुटते. अशी माणसे सज्जनांनी निंदलेली असतात, हेही तेथेच सांगून टाकले आहे. तिसऱ्या अध्यायात कुष्ठ असलेल्या कुळाशी सोयरीक करू नये असा आदेश आहे. म्हणजे रोग्याला औषध नाही, उलट आरोपपत्र! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, तो आपण जातीचा ग्रंथ म्हणून ओळखतो. तो रोग्याच्या विरोधातलाही ग्रंथ आहे, हे आपण फारसे बोलत नाही.

आता विनयपिटकातला चुल्लवग्ग पाहा. भिक्खू दातकाडी वापरत नव्हते, त्यामुळे त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. तथागतांनी कोणाचेही पाप शोधले नाही. दातकाडी न वापरण्याचे तोटे सांगितले : डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला दुर्गंधी येते, चव कळत नाही, पित्त आणि कफ अन्नावर चढतात, अन्न गोड लागत नाही. मग दातकाडी वापरण्याची अनुज्ञा दिली. तिची लांबी किती असावी, तेही ठरवून दिले : जास्तीत जास्त आठ अंगुळे, कमीत कमी चार. लक्षण एकच, दुर्गंधीचे. मनू म्हणतो, तू चहाडी केलीस. बुद्ध म्हणतात, तू दात घासले नाहीस.

यावर कोणी म्हणेल, बौद्ध ग्रंथ तरी कुठे निर्दोष आहेत? प्रश्न रास्त आहे. कुष्ठरोग्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयात आहे. उदानातल्या सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याच्या कथेतही त्याच्या रोगाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात सांगितले आहे. पण त्याच कथेत बुद्ध भरल्या सभेत या दरिद्री माणसाला हेरतात आणि त्याला समजेल असा धम्म सांगतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुप्रबुद्धाला उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांच्या पंगतीत बसवले. शिवाय याच ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी झटकायला तो समाजाला मदत करतो, हा त्यांचा आक्षेप होता. आम्ही ग्रंथ वाचतो ते याच कसोटीवर घासून.

१८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तेव्हा पापाचा सिद्धांत मोडायला हवा होता. तरीही १८९८ साली ब्रिटिश सरकारने ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ आणला. निर्धन कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते. रुग्णाला खाद्यपदार्थ विकण्यास आणि सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर अंघोळ करण्यास किंवा पाणी भरण्यास मनाई करण्याची तरतूद त्यात होती. २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो. पाणवठ्यावरून माणसाला हाकलणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली!

वैद्यकशास्त्र काय सांगते? जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो. हाताची संवेदना जाते, बोटे वाकडी होतात, ब्रश पकडता येत नाही. रोग तीव्र असेल तर वरच्या जबड्याच्या पुढच्या भागातले हाड झिजते आणि समोरचे दात सैल होतात. डेन्मार्कच्या मोलर-क्रिस्टेन्सन यांनी मध्ययुगीन कुष्ठरोग्यांच्या सांगाड्यांवर हीच खूण दाखवली. आज बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो. पण उशिरा उपचार मिळाले तर अधू झालेला हात पुन्हा पहिल्यासारखा होईलच असे नाही. अशा हातासाठी ब्रशच्या दांड्याला कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड करता येतो, पट्ट्याने तळहाताला बांधता येतो. खर्च जवळजवळ शून्य.

म्हणून मित्रांनो, आपल्या आरोग्य शिबिरांत कुष्ठवसाहतीतल्या माणसांनाही बोलवा आणि त्यांच्या दातांची तपासणी होते ना, ते पाहा. कीव किंवा पुण्य म्हणून नको, हक्क म्हणून. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी रोग्याच्या तोंडाकडे पाहून नाक मुरडले, तर अकरावा अध्याय आपल्या मनात अजून शाबूत आहे असेच म्हणावे लागेल.

जयभीम!