आयती निवड : ब्राउझरची तीन दशके

खानावळीत पानावर बसलेल्या माणसाने काहीच सांगितले नाही, तर त्याच्यापुढे त्या दिवशीचे ठरलेले ताट येते. आमटीऐवजी कढी मागण्याची त्याला मोकळीक असते. तथापि बहुतेक लोक आले ते ताट जेवून उठतात. संगणकाच्या व्यवहारात अशा ठरलेल्या ताटाला ‘डीफॉल्ट’ हे नाव आहे. वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास जी मांडणी आपोआप लागू व्हावयाची, ती ही आयती मांडणी. इंटरनेटवरील पाने पाहण्याचे साधन म्हणजे ब्राउझर. त्याचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, या साधनाच्या गुणदोषांइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक वाद त्याच्या आयत्या मांडणीवरून झाला आहे. त्यापायी न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालले, कोट्यवधींचे दंड झाले आणि एरवी शांत असणाऱ्या सामान्य वापरणाऱ्यांनीही वेळोवेळी आपला रोष बोलून दाखविला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा त्याचा उपयोग करणारे मूठभर शास्त्रज्ञ होते. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘मोझॅक’ने हे साधन सामान्य माणसाच्या आटोक्यात आणले, आणि १९९४ च्या अखेरीस आलेल्या ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ने त्याचा सर्वत्र प्रसार केला. नेटस्केप उघडले की प्रथम त्या कंपनीचेच पान दिसे. ते बदलण्याची सोय होती. पण बहुतेकांनी ते बदलले नाही. परिणामी ते पान त्या काळच्या अत्यंत वर्दळीच्या पानांत गणले जाऊ लागले. १९९६ मध्ये शोधसेवा पुरविणाऱ्या पाच कंपन्यांनी नेटस्केपच्या शोधपानावर आळीपाळीने झळकण्यासाठी प्रत्येकी वर्षाला ५० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. वापरणाऱ्याने काहीही बदलले नाही, या एवढ्याशा गोष्टीला बाजारात किंमत आहे, हे तेव्हा प्रथम स्पष्ट झाले.

ही किंमत मायक्रोसॉफ्टनेही अचूक ओळखली. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेला तिचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ हा ब्राउझर पुढे विंडोज या प्रणालीबरोबरच संगणकात येऊ लागला. त्या काळी ह्यूलेट-पॅकार्ड किंवा गेटवे यांसारखे संगणक बनविणारे कारखानदार नवा संगणक प्रथमच सुरू होताना आपल्या ग्राहकाला मार्ग दाखविणारे काही पडदे स्वतः तयार करून घालीत. त्यांतून ग्राहकाला यंत्राची ओळख होई, तसेच एखादा निराळा ब्राउझर किंवा इंटरनेटसेवा निवडण्याची संधीही मिळे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने या प्रथम मांडणीत फेरफार करण्यास कारखानदारांना बंदी केली. कारखानदारांनी याला कडवा विरोध केला. त्यांचे म्हणणे केवळ धंद्याचे नव्हते. घरी आणलेले महागडे यंत्र नवख्या माणसाला गोंधळात टाकते, तो मदतीसाठी वारंवार दूरध्वनी करतो, आणि अखेर कंटाळून माल परत करतो, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे पहिल्या पडद्यावरील वापरणाऱ्यांचा वैताग प्रथम नोंदला गेला तो कारखानदारांच्या पत्रव्यवहारात. आणि तेथून तो न्यायालयाच्या दप्तरात आला.

अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल केला. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने जून २००१ मध्ये हा विभाजनाचा आदेश रद्द केला. परंतु कंपनीने आपली मक्तेदारी अवैध मार्गांनी टिकविली, हा मुख्य ठपका कायम ठेवला. प्रथम मांडणीत बदल करण्यास केलेली बंदी, तसेच कार्यक्रम काढून टाकण्याच्या यादीतून इंटरनेट एक्सप्लोरर वगळणे, ही कृत्ये त्या ठपक्यात होती. उलट, काही प्रसंगी वापरणाऱ्याने निवडलेला ब्राउझर बाजूला सारून इंटरनेट एक्सप्लोररच उघडण्याची जी योजना विंडोज ९८ मध्ये होती, तिच्याबाबत कंपनीने दिलेली तांत्रिक कारणे न्यायालयाने मान्य केली. पुढे समझोता झाला, आणि २००२ मध्ये विंडोजमध्ये आयते कार्यक्रम बदलण्यासाठी एक स्वतंत्र खिडकी आली. निवडीचा हक्क मिळाला खरा. मात्र तो बजावण्यासाठी ती खिडकी शोधून काढण्याचे काम वापरणाऱ्याकडेच राहिले.

तोपर्यंत नेटस्केपचा पराभव झाला होता. त्याच्याच वारशातून उभा राहिलेला ‘फायरफॉक्स’ नोव्हेंबर २००४ मध्ये प्रकट झाला. तो कोणाच्याही संगणकात आयता येत नव्हता. ज्याला हवा त्याने तो मुद्दाम आणावयाचा होता. तरीही लोकांनी तो आणला. एवढेच नव्हे, तर सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून डिसेंबर २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची दोन पानी जाहिरात दिली. आयत्या ताटाविरुद्ध सामान्य वापरणाऱ्यांनी स्वखुशीने दिलेला हा कौल होता.

युरोपात या प्रश्नाला निराळे उत्तर शोधण्यात आले. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. तिचा शेवट असा झाला की, मार्च २०१० पासून युरोपातील विंडोजधारकांपुढे बारा ब्राउझरांची नावे मांडलेला एक पडदा येऊ लागला. हवा तो ब्राउझर निवडावा, अशी योजना होती. पण पहिल्याने नजरेस पडत ते पाचच. उरलेले सात पाहण्यासाठी पडदा बाजूस सरकवावा लागे, म्हणून लहान ब्राउझरांचे कर्ते नाराज झाले. शिवाय पहिल्या पाचांचा क्रम दरवेळी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलावा असे ठरले असताना, तो बदलण्याच्या गणितातच दोष असल्याचे आढळले. काही नावे विशिष्ट जागी अधिक वेळा पडत होती. हा दोष दुरुस्त करण्यात आला. मोकळी निवड देऊ म्हटले तरी नावे कोणत्या क्रमाने मांडावीत, हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो, हे या प्रकरणाने शिकविले.

त्यानंतरची हकीकत अधिक बोलकी आहे. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या एका आवृत्तीत हा पडदा दिसलाच नाही. सुमारे दीड कोटी लोकांना निवडीची संधी मिळाली नाही. तांत्रिक चुकीमुळे असे झाल्याचे सांगून मायक्रोसॉफ्टने दिलगिरी व्यक्त केली. आयोगाने मार्च २०१३ मध्ये ५६ कोटी १० लक्ष युरोंचा दंड ठोठावला. कायद्याच्या दृष्टीने दंड योग्यच होता. परंतु ज्यांची संधी गेली त्यांपैकी बहुतेकांना ती गेल्याचे समजण्याचे कारणच नव्हते. वाईट मांडणीवर लोक रागावू शकतात. मात्र न विचारलेल्या प्रश्नाबद्दल रागावणे अवघड असते, कारण प्रश्न होता हेच त्यांना ठाऊक नसते.

यावरून असे वाटेल की, आयती मांडणी ग्राहकाच्या हिताची असली म्हणजे वाद संपला. २०१२ साली घडलेला प्रकार या समजुतीलाही धक्का देतो. आपल्या हालचालींचा माग काढू नये, असे संकेतस्थळांना कळविण्याची एक खूण तेव्हा ब्राउझरांत आली होती. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या दहाव्या आवृत्तीत ही खूण आयतीच चालू ठेवण्याचे जाहीर केले. वरकरणी हे ग्राहकाच्या कल्याणाचे पाऊल होते. पण जाहिरातदारांनी त्यावर आक्षेप घेतला : ही खूण वापरणाऱ्याची इच्छा सांगत नाही, कंपनीची सांगते, मग ती का मानावी? ही खूण ठरविणाऱ्या तंत्रज्ञांतही हाच विचार प्रबळ होता. एप्रिल २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा निर्णय मागे घेतला. ती खूण पाळणे मुळात संकेतस्थळांच्या मर्जीवर असल्याने तिचा प्रभाव पुढेही पडला नाही. माणसाच्या वतीने दुसऱ्याने केलेली निवड चांगली असली, तरी ती त्याची इच्छा म्हणून पुढे करता येत नाही, असा याचा अर्थ.

लोक आयती मांडणी मुकाट्याने स्वीकारतात हे बहुतांशी खरे असले, तरी त्यांच्या सहनशीलतेला सीमा आहे. फायरफॉक्सने २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत गूगलऐवजी याहू हे आयते शोधयंत्र केले. हा बदल अनेकांना रुचला नाही, आणि पुष्कळांनी मांडणीत जाऊन गूगल परत आणले. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सनेच गूगलकडे पाठ फिरविण्याचा आपला प्रयोग संपविला. मायक्रोसॉफ्टलाही असे अनुभव आले. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा झटपट स्थापनेचा मार्ग पत्करणाऱ्याचा आधीचा ब्राउझर जाऊन तेथे ‘एज’ येई. त्याविरुद्ध फायरफॉक्सच्या मोझिला संस्थेचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी सत्या नाडेला यांना अनावृत पत्र लिहिले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलण्यासाठी पानांच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी निवड करावी लागू लागली. टीका झाल्यावर २०२२ मध्ये हे काम पुन्हा एका बटणावर आले.

सप्टेंबर २०१८ मध्ये गूगलच्या ‘क्रोम’ ब्राउझरवर उठलेले वादळ याच जातीचे होते. नव्या आवृत्तीत टपाल पाहण्यासाठी गूगलच्या खात्यात शिरलेला माणूस, त्याला न विचारता, ब्राउझरमध्येही त्या खात्याने नोंदविला जाऊ लागला. त्यामुळे माहिती आपोआप गूगलकडे साठविली जात नाही, असा खुलासा कंपनीने केला. सुरक्षाशास्त्राच्या अभ्यासकांना आणि जाणत्या वापरणाऱ्यांना तो पटला नाही. त्यांचा आक्षेप परिणामाला नव्हता, संमती न घेण्याला होता. महिन्याभरात पुढील आवृत्तीत हे बंद करण्याची कळ देण्यात आली. मात्र ती कळ चालू स्थितीतच ठेवलेली होती. तक्रार करणाऱ्यांचे समाधान झाले. ज्यांनी तक्रार ऐकलीच नव्हती त्यांच्यासाठी काहीच बदलले नाही.

या स्तब्धतेची किंमत किती, याचा आकडा पुढे न्यायालयातच उघड झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२० मध्ये गूगलविरुद्ध जो दावा लावला, त्यात असे दिसून आले की, ब्राउझरांत व फोनांत आपले शोधयंत्र आयते असावे यासाठी गूगलने केवळ २०२१ या एका वर्षात २६ अब्ज ३० कोटी डॉलर दिले. मायक्रोसॉफ्टचे ‘बिंग’ हे शोधयंत्र एरवी मागे असताना, जेथे ते आयते मिळते त्या एज ब्राउझरवर मात्र सुमारे ८० टक्के शोध त्यावरच होतात, हेही पुढे आले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलला मक्तेदारीबद्दल दोषी ठरविले. सप्टेंबर २०२५ मधील उपायांच्या निर्णयात त्यांनी अनन्य करारांना मनाई केली. परंतु क्रोम विकावयास लावले नाही, आणि आयत्या जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही.

भारतही या प्रश्नापासून दूर राहिला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोनच्या प्रथम मांडणीच्या वेळीच शोधयंत्र निवडण्याची मुभा द्यावी, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारल्यावर गूगलने भारतात निवडीचा पडदा देण्याचे जाहीर केले. कंपनी अपीलात गेली असता राष्ट्रीय अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, तरी दंड कायम ठेवला.

मराठी वाचकाशी या इतिहासाचा संबंध आणखी एका अंगाने येतो, आणि तो कोणत्याही खटल्यात आलेला नाही. नवा फोन किंवा नवा ब्राउझर भाषा ठरवितो, तेव्हा पुष्कळदा पुढे दिसलेली इंग्रजीच तशी ठेवली जाते. बेळगाव, इंदूर, वडोदरे, हैदराबाद अशा ठिकाणी, जेथे घरातील भाषा एक आणि बाजारातील दुसरी, तेथे तर हे अगदी सहज घडते. फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर मराठीत वापरता येतात. शिवाय ब्राउझर प्रत्येक पानाची मागणी करताना वाचकाच्या पसंतीची भाषाही त्या संकेतस्थळाला कळवीत असतो. ज्याने ती कधीच बदलली नाही, तो घरी मराठी बोलत असला, मराठी वर्तमानपत्र वाचत असला, तरी त्या हिशेबात इंग्रजीचा वाचक म्हणूनच नोंदला जातो. मराठी वाचक थोडे आहेत असे अनुमान अशा नोंदींवरून कोणी काढले, तर त्याला खोडून काढणारी नोंद तेथे नसते. भाषेची ही मांडणी बदलावयास दोन-चार मिनिटे पुरतात, आणि त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या आदेशाची आवश्यकता नाही.