जर्मन सिल्व्हरचे मुकुट

१९१३चं पॅरिस. प्लास वांदोममध्ये बारा नंबरच्या दारात तुम्ही उभे आहात. मागे चौकात नेपोलियनचा ब्राँझचा स्तंभ. याच वास्तूत १८४९ साली शोपाँनं प्राण सोडला. जोसेफ शोमे यांची जवाहिऱ्याची पेढी इथे येऊन मात्र सहाच वर्षं झाली आहेत.

खालच्या दिवाणखान्यात रेंगाळू नका. सरळ जिना चढून कारागिरांकडे या. लाकडी मेजाच्या कडेला अर्धगोल खाचा, प्रत्येक खाचेत एक माणूस, आणि त्याच्या मांडीवर ताणलेलं कातडं. कानशीखालून झडणारा कीस त्यातच पडतो, कणही वाया जात नाही. सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुऊन सोनं काढणारे आपले झारेकरी हे बघून मान डोलावतील.

आता भिंतीकडे बघा. मुकुटच मुकुट, पण हिरा एकातही नाही. सगळे जर्मन सिल्व्हरचे, आपल्याकडे ज्याची ताटं-वाट्या होतात त्याच धातूचे. खड्यांच्या जागी रंग भरलाय. गिऱ्हाईक बाई हा नमुना डोक्यावर ठेवून आरशात बघणार, तिला पसंत पडला की मग खरे हिरे बाहेर निघणार. पुढे वाटण्या होतात, दिवस फिरतात, दागिना मोडला जातो आणि हिरे दुसऱ्या कोंदणात जातात. नमुना इथेच खिळ्याला राहतो. मला विचाराल तर पेढीची खरी दौलत ही आहे.

आणखी मागे चला, १८०२ सालात. १७८० मध्ये या पेढीचा पाया घालणारा मारी-एतियेन नितो तुमच्यासमोर बसलाय. त्याच्या हातात रेजां, १४० कॅरटचा हिरा. हा आपल्या कृष्णाकाठचा, कोल्लूरच्या खाणीतला. ज्या राजघराण्यानं तो मिरवला, त्याच्या राजाचं मस्तक क्रांतीत उडालं. आता नितो तोच हिरा नेपोलियनच्या तलवारीत बसवतोय. दोनच वर्षांनी नेपोलियन सम्राट होईल.

परत १९१३. मखमलीवर नासपतीच्या आकाराचे दोन हिरे ठेवलेत. एक ४६.९५ कॅरटचा, दुसरा ४६.७०चा. घेणारे इंदूरचे तुकोजीराव होळकर, ऐन विशीतले. वीसेक वर्षांनी त्यांचे चिरंजीव यशवंतराव मराठा पोशाखात बर्नार बुते द मोंव्हेल या चित्रकारासमोर बसतील, तेव्हा छातीवर हेच दोन थेंब असतील.

अजून त्याला अवकाश आहे. कारागीर दोन्ही थेंब चिमट्यानं उचलून खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरतो, एक डोळा मिटतो. पाव कॅरटचा फरक. तो नजरेला दिसतो का, हे तो पुन्हा पुन्हा बघतोय.