दरबाराचं चित्र आणि चित्रात नसलेला सातारा

इतिहासाच्या पुस्तकांत हमखास भेटणारं एक चित्र आहे. शनिवारवाड्यातला भरलेला दरबार, गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे आणि जवळ इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट. प्रसंग १७९० सालचा, टिपूविरुद्धच्या तहाचा.

गंमत अशी की, चित्रकारांपैकी कोणीच तो दरबार पाहिलेला नव्हता! जेम्स वेल्स मुंबईला आला १७९१ साली. पुढे पुण्यात त्याने पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली आणि १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ साली विलायतेत हे मोठं तैलचित्र पुरं केलं. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचा छाप काढला आणि दरबार इंग्रजांच्या दिवाणखान्यांत जाऊन पोचला. चित्र काढून घेणारा कोण? स्वतः मॅलेट, म्हणजे वेल्सचा जावई.

हा रिवाज जुनाच. तुर्कस्तानात व्हानमूर नावाचा चित्रकार युरोपी वकिलांसाठी सुलतानाच्या भेटीचे सोहळे रंगवायचा. त्याच्या चित्रांवरून १७१४ साली पॅरिसला शंभर छापचित्रांचं पुस्तक निघालं. आपण कोणाच्या दरबारात बसलो होतो, हे घरी दाखवायला नको का?

म्हणून चित्र टाकाऊ ठरत नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. आतले खांब, महिरपी, बैठक कशी होती, हे समजायला आज याच चित्राचा मोठा आधार आहे.

पण चित्रात काय नाही, तेही पाहावं. पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून येत. सवाई माधवरावांना तर ती तान्हेपणीच मिळाली. १७९० साली दुसरे शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर होते. पेशवे त्यांचे प्रधान. परक्या वकिलाला मात्र सत्ता जिथे दिसली, तिथेच त्याने दरबार रंगवला. आणि तहातला शब्द रणांगणावर पाळायला फौज घेऊन धारवाडवर गेले ते आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. त्या मोहिमेवर एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १७९४ साली पुस्तकही लिहिलं.

तेव्हा मंडळी, नातवंडांना हे चित्र जरूर दाखवा. पण साताऱ्याची गादी आणि तासगावची फौज त्यात दिसत नाही, ती तुम्ही तोंडाने सांगा. नाहीतर मुलं मॅलेटने दाखवलं तेवढंच खरं धरून चालतील.