हस्की

हस्की : (१) उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशांत बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचे नाव. ‘एस्किमो’ या शब्दाच्या अपभ्रंशातून ते आले, असे सामान्यतः मानतात. आधी माणसांना लावलेले हे नाव पुढे त्यांच्या कुत्र्यांपुरते उरले. ते कामावरून पडलेले आहे, जातीवरून नव्हे. अंटार्क्टिकातील ब्रिटिश तळांवर ग्रीनलंड-लॅब्राडॉर वंशाच्या कुत्र्यांनाही हस्कीच म्हणत. माद्रिद कराराने (१९९१) परके प्राणी तेथून हलवणे भाग पडले व १९९४ मध्ये शेवटची कुत्री परतली.

सायबेरियन हस्की : नोंदणीकृत जात. मूळ ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शर्यतींसाठी अलास्कातील नोम गावी आणली. तेथील धिप्पाड कुत्र्यांपुढे ती लहान दिसत, म्हणून ‘सायबेरियन उंदीर’ अशी त्यांची टिंगल झाली. अमेरिकन केनेल क्लबची मान्यता १९३० मध्ये मिळाली. नराची उंची ५३–६० सेंमी., वजन २०–२७ किग्रॅ.; मादी थोडी लहान. आत दाट मऊ लव, वर सरळ लांब केस. डोळे तपकिरी, निळे किंवा एक तपकिरी व एक निळा. झोपताना झुपकेदार शेपूट नाकावर ओढून घेतो. भुंकतो कमी, हेल काढून ओरडतो जास्त. भारतीय शहरांतही हौसेने पाळतात. उन्हाळ्यात जपावे लागते.

अलास्कन हस्की : संकरित, जात म्हणून मान्यता नाही. वेग, दमसास, मजबूत पंजे आणि खाल्लेले अंगी लागणे, एवढ्यावरच निवड होते. नोमला संपणाऱ्या इडिटारॉड शर्यतीत (१९७३ पासून, सु. १,६०० किमी.) बहुतेक हेच धावतात.

नोमची दौड : जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. प्रतिविषाच्या काचेच्या कुप्या रजईत गुंडाळून धातूच्या नळकांड्यात भरल्या, वजन सु. ९ किग्रॅ. नेनानापर्यंत ते आगगाडीने आले. पुढचे सु. १,०८५ किमी. अंतर वीस गाडीवान व सु. दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत तोडले. वाटेतील मुक्कामांवर नळकांडे शेकोटीजवळ ठेवून ऊब देत. सर्वांत लांबचा टप्पा लेनर्ड सेप्पालाचा. गोठलेल्या नॉर्टन साउंडवरून जाताना टोगो त्याचा अग्रेसर कुत्रा होता. २ फेब्रुवारीला नोममध्ये शिरला तो गुनार कासेन. त्याच्या गाडीपुढे बाल्टो होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याच वर्षी बाल्टोचा पुतळा उभा राहिला. टोगोचे श्रेय बऱ्याच उशिरा मान्य झाले.

(२) दुसऱ्या महायुद्धातील सिसिलीवरील स्वारीचे सांकेतिक नाव (९–१० जुलै ते १७ ऑगस्ट १९४३). पॅटनचे अमेरिकन व माँटगोमरीचे ब्रिटिश सैन्य बेटावर उतरले. स्वारी चालू असतानाच, २५ जुलैला, मुसोलिनी पदच्युत झाला.

(३) इंग्रजी विशेषण. वरील नामाशी संबंध नाही. ‘हस्क’ म्हणजे धान्याचे टरफल. त्यावरून कोरडा, घोगरा आवाज. मराठीत गायिका-अभिनेत्रींच्या आवाजाबद्दल तसेच वापरतात. अमेरिकेत थोराड बांध्याच्या मुलांच्या कपड्यांचे मापही याच नावाचे. फुप्फुसातील कृमींमुळे गुरांना होणाऱ्या खोकल्याला ‘हस्क’ म्हणतात.

(४) वॉशिंग्टन व कनेक्टिकट विद्यापीठांच्या क्रीडासंघांचे नाव. तसेच हस्क्वार्ना मोटारसायकलींचे लाडके नाव.